ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरची घड्याळं सात मिनिटं पुढे का पळतात?

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम पाहतो. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण ऑफिसात त्यातल्या त्यात मलाच कळतं, म्हणून केबल निघाली, प्रिंटर अडला की मलाच हाक येते. एकूण १८ कॉम्प्युटर आणि एक सर्व्हर. सगळे डोमेनमध्ये आहेत, म्हणजे सकाळी नाव-पासवर्ड टाकला की सर्व्हर ओळखतो आणि आत घेतो.

महिनाभरापूर्वी लक्षात आलं की सगळ्यांची घड्याळं मोबाइलच्या सात मिनिटं पुढे आहेत. रोज सकाळी मी एकेका मशीनवर बसून वेळ नीट करतो. दुपारी जेवून येतो तर परत सात मिनिटं पुढे! शिवाय हाताने वेळ दुरुस्त केली की सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर कधी उघडतो, कधी उघडत नाही.

दोन मशीनची दुखणी आणखी वेगळी. एक जुना डेस्कटॉप रोज सकाळी २०१५ साल दाखवतो. आणि एक नवा लॅपटॉप घड्याळात अगदी बरोबर वेळ दाखवतो, पण सर्व्हर त्याला आत घेत नाही. म्हणतो, तुमच्या वेळेत फरक आहे. दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून पाहिली तर फरक फक्त सात मिनिटांचा.

जुलै अखेरची विवरणपत्रांची घाई तोंडावर आली आहे. कोणी वाट दाखवेल का?

---

शून्य मिनिटे | सोमवार, सकाळी ११:५८

वेळ आपोआप जुळवण्याचं बटण बंद करा आणि हाताने लावा. आमच्याकडे असंच आहे, दोन वर्षांत काही अडलं नाही.

---

तारजोडणी | सोमवार, दुपारी १२:३५

शून्य मिनिटे, तुमच्या ऑफिसात डोमेन नसेल तर चालून जाईल. कृष्णाकाठ, तुम्ही मात्र हे करू नका. गेली १४ वर्षं मी कोल्हापूर-इचलकरंजी भागात ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो, आणि ‘हाताने वेळ लावली’ या वाक्यापासून सुरू झालेली दुखणी भरपूर पाहिली आहेत.

डोमेनमधलं मशीन वेळ स्वतःच्या मनाने ठरवत नाही. ते डोमेन कंट्रोलरला, म्हणजे तुमच्या सर्व्हरला विचारतं. तुम्ही सकाळी वेळ बदलता, मशीन काही तासांनी पुन्हा सर्व्हरला विचारतं, आणि सर्व्हर सांगतो ती वेळ लावून घेतं. १८ मशीन सारखीच सात मिनिटं पुढे आहेत याचा अर्थ ती १८ ही निरोगी आहेत. आजारी आहे तो सर्व्हर.

फोल्डरचंही तेच. विंडोजच्या डोमेनमध्ये ओळख पटवायला कर्बेरॉस नावाची पद्धत असते. तिच्या प्रत्येक तिकिटावर वेळेचा शिक्का असतो. दोघांच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर ते तिकीट नाकारलं जातं. कोणाचं जुनं तिकीट चोरून दुसऱ्याने वापरू नये म्हणून ही मर्यादा ठेवली आहे. तुम्ही मोबाइल पाहून सात मिनिटं मागे आलात, की सर्व्हरच्या दृष्टीने चुकीचे तुम्ही ठरता.

आता एक करा. सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डब्ल्यू३२टीएम ही कमांड ‘क्वेरी’ आणि ‘सोर्स’ हे दोन शब्द लावून चालवा. सर्व्हर स्वतः वेळ कोणाला विचारतो ते एका ओळीत येईल. ती ओळ जशीच्या तशी इथे लिहा. तोवर कुठल्याही घड्याळाला हात लावू नका.

---

बकुळ | सोमवार, दुपारी १:१०

२०१५ वाला डेस्कटॉप: रात्री जाताना तुम्ही मेन स्विच बंद करता का? करत असाल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. सीआर२०३२, रुपयाच्या नाण्यासारखा गोल, ३ व्होल्टचा. वीज नसताना आतलं घड्याळ त्यावर चालतं. सेल मेला की मशीन बोर्ड बनवणाऱ्याने घालून दिलेल्या तारखेवर परत जातं. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटर असेल तर मोजा, २.७ च्या खाली असला तर बदलाच. मशीनची वायर भिंतीतून काढल्याशिवाय उघडू नका.

---

दूरदेशी | सोमवार, दुपारी २:०५

लॅपटॉपचं कोडं मला सुटलंय असं वाटतं, कारण तो बहुतेक माझ्या गावची वेळ पाळतोय. मी कॅलिफोर्नियात असते.

विंडोज कोरं टाकलं आणि कोणी लक्ष दिलं नाही, की टाइम झोन बऱ्याचदा पॅसिफिक राहतो, म्हणजे आमच्याकडचा. मग ऑफिसात कोणीतरी पाहतं की वेळ भलतीच आहे आणि झोन न बदलता आकडेच बदलून टाकतं. घड्याळ दिसायला बरोबर होतं. पण मशीन आत हिशेब यूटीसी या जागतिक वेळेत ठेवतं आणि कर्बेरॉससुद्धा तीच वेळ पाहतं. सध्या आमच्याकडे उन्हाळी वेळ चालू आहे, यूटीसीच्या ७ तास मागे. भारत साडेपाच तास पुढे. म्हणजे तुमचा लॅपटॉप आतून साडेबारा तास चुकलेला आहे, आणि वरून पाहणाऱ्याला ते कधीच कळणार नाही.

एक खूण सांगते. हा लॅपटॉप कधीकधी सकाळी साडेदहाला आदल्या रात्रीचे १० दाखवतो का?

---

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी ३:२०

दूरदेशीताई, हात जोडले! अगदी हेच होतं. काल रात्रीचे १० दाखवतो म्हणून आमची स्वाती रोज वैतागून वेळ बदलते. झोन पाहिला, पॅसिफिकच आहे. यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी ओळ निवडली, मग वेळ सर्व्हरशी जुळवून घेतली. लॅपटॉप आत गेला. स्वातीने चहा पाठवला आहे, तो तुमच्या वतीने मी घेतला.

बकुळ, हो, रात्री मेन स्विच बंद करतो. सेल उद्या आणतो.

तारजोडणी साहेब, सर्व्हरवर ती कमांड चालवली. उत्तर आलं: ‘व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर’. हा कोण?

---

शून्य मिनिटे | सोमवार, दुपारी ३:४५

झोनचं मला माहीत नव्हतं. पण मुद्दा राहतोच: सात मिनिटांनी असं काय बिघडतं? आमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ वडिलांनी कायम दहा मिनिटं पुढे ठेवलं, त्यामुळे शाळेची बस एकदाही चुकली नाही. ऑफिसात पाच-सात मिनिटं पुढे असेल तर लोक वेळेवर कामाला लागतात.

---

काळा कोट | सोमवार, संध्याकाळी ६:३०

भिंतीवरचं घड्याळ पुढे ठेवा, त्याला कोणाची हरकत नाही. घरातल्या सगळ्यांना ते दहा मिनिटं पुढे आहे हे ठाऊक असतं आणि प्रत्येक जण मनात वजाबाकी करतो. कॉम्प्युटरची नोंद वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला ते ठाऊक नसतं.

मी फौजदारी वकिली करतो. एका दुकानातल्या चोरीच्या प्रकरणात कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचं घड्याळ २२ मिनिटं मागे होतं. चित्रीकरणात माझा अशील दुकानापाशी दिसत होता, आणि त्याच मिनिटाला तो दुसरीकडे असल्याची पावती माझ्या हातात होती. खरं काय ते सांगायला दोन घड्याळांतला फरक कोणीतरी नोंदवलेला हवा होता. पंचनाम्यात तो नव्हता. हा फरक सिद्ध करण्यात आमची दीड वर्षं गेली, आणि तेवढा काळ तो माणूस तारखांना हेलपाटे घालत राहिला. पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम ६५ ब असो की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, दोन्हींत इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ती ज्या यंत्रातून आली ते नीट चालत होतं असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. घड्याळ चुकलेलं असेल तर उलटतपासणीत त्या प्रमाणपत्राचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

कॅमेरे बसवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: महिन्यातून एकदा रेकॉर्डरची वेळ मोबाइलशी ताडून पाहा आणि फरक वहीत लिहून ठेवा.

---

सायलीची आई | सोमवार, रात्री ९:१५

सात मिनिटांनी काय बिघडतं ते मी सांगते. मी एका कारखान्याच्या ऑफिसात होते. बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र सहा मिनिटं पुढे होतं. साडेनऊच्या पुढे दहा मिनिटांची सवलत असायची आणि तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. आमच्यातल्या चौघी एकाच एसटीने यायच्या. बस लागायची सव्वानऊला, आणि चालत येऊन बोट टेकवेपर्यंत यंत्रात नऊ एक्केचाळीस. खरी वेळ नऊ पस्तीस. सगळे म्हणायचे, तुम्ही उशिराच येता, यंत्र कसं चुकेल? सात महिने चाललं हे. शेवटी एकीच्या मुलाने मोबाइलवर यंत्राचा आणि स्वतःच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढला, तेव्हा कुठे साहेबांनी मान्य केलं. कापलेल्या पैशांपैकी दोनच महिन्यांचे परत मिळाले.

कृष्णाकाठदादा, तुमच्याकडे हजेरीचं यंत्र असेल तर तेही पाहा. कॉम्प्युटरच्या भानगडीत त्याची आठवण कोणाला राहत नाही.

---

शून्य मिनिटे | सोमवार, रात्री ९:३२

सायलीची आई, मी माझं म्हणणं मागे घेतो. पगाराशी बांधलेलं घड्याळ पुढे ठेवणं बरोबर नाही.

---

निवृत्त टेलिफोनवाला | सोमवार, रात्री १०:५०

अवांतर आहे, पण राहवत नाही. वेळ कोणाला विचारायची हा वाद आपल्याकडे जुना. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. मुंबईने मात्र स्वतःची मुंबई वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. थेट १९५५ पर्यंत! माझे वडील सांगायचे, कोणी भेटायला बोलावलं तर आधी विचारायचं, कुठल्या वेळेने?

आमच्या लहानपणी बातम्यांच्या आधी रेडिओवर टूं टूं वाजायचं. आजोबा मनगटावरच्या घड्याळाची किल्ली ओढून धरायचे आणि शेवटच्या ठोक्याला दाबायचे. आज तुमचा सर्व्हर तेच करतो, फक्त रेडिओऐवजी नेटवर्कवरून. त्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली, १९८५ साली ती कागदावर आली आणि आजही जगभर तीच चालते. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये गेले. मी त्या दिवशी घरातली सगळी घड्याळं जुळवली.

---

तारजोडणी | मंगळवार, सकाळी ८:०५

काका, शेवटची ओळ वाचून बरं वाटलं.

कृष्णाकाठ, उत्तर सापडलं. तुमचा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन आहे, म्हणजे एका मोठ्या लोखंडी पेटीच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. तो वेळ घेतो त्या पेटीकडून. आता त्या पेटीवर जा आणि तीच कमांड चालवा. बहुधा ‘लोकल सीमॉस क्लॉक’ असं येईल. म्हणजे पेटी कोणालाच विचारत नाही, स्वतःच्या स्फटिकावर चालली आहे.

आणखी एक विचारतो. गेल्या वर्षभरात फायरवॉल (इंटरनेटच्या वाटेवरचा पहारेकरी) किंवा राउटर बदलला का?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०:४०

लोकल सीमॉस क्लॉक! तेच शब्द.

फायरवॉल गेल्या दिवाळीत बदलला. बसवणाऱ्याने सांगितलं होतं की गरजेचं तेवढंच उघडं ठेवलंय, बाकी सगळं बंद.

---

तारजोडणी | मंगळवार, सकाळी ११:१५

त्या ‘बाकी सगळं’ मध्ये यूडीपी १२३ हे दारही बंद झालं. एनटीपी त्याच दारातून जाते.

आता हिशेब पाहा. साध्या क्वार्ट्झ स्फटिकात दहा लाखांत २० भागांची चूक चालते असं धरतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज सुमारे पावणेदोन सेकंद. दिवाळीपासून आजवर अंदाजे २४० दिवस. गुणाकार करा: ४२० सेकंद, सात मिनिटं. तुमची पेटी बिघडलेली नाही. तिने आठ महिने एकटीने वेळ मोजली आणि एवढीच चुकली.

उपाय असा. फायरवॉलमध्ये पेटी आणि सर्व्हर या दोघांपुरतं बाहेर जाणारं यूडीपी १२३ उघडा. १८ मशीनना ते नको, त्यांनी सर्व्हरलाच विचारावं. मग व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधली टाइम सिंक्रोनायझेशनची खूण काढा, म्हणजे सर्व्हर पेटीकडून वेळ घेणं थांबवेल. त्यानंतर सर्व्हरला बाहेरचे वेळ सांगणारे द्या: एनआयसीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, समय१ आणि समय२, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम याच प्रयोगशाळेकडे आहे. आणि हे निव्वळ हौसेचं नाही. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडायची आहेत, आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं: हे दिवसा करू नका. सर्व्हर एकदम सात मिनिटं मागे उडी मारेल. तेवढ्या वेळात कोणी नोंद करत असेल तर आधीची नोंद नंतरची दिसेल. मशीन अजून पुढच्या वेळेवर असल्याने काही काळ ती आतही येणार नाहीत. संध्याकाळी सगळे गेल्यावर, बॅकअप घेऊन करा, आणि सकाळी सगळी मशीन नव्याने सुरू करा.

---

बकुळ | मंगळवार, दुपारी १२:२०

एका मुद्द्यावर असहमत. टाइम सिंक्रोनायझेशनची खूण सरसकट काढणं मला पटत नाही. व्हर्च्युअल मशीन गोठवून पुन्हा चालू केलं, तर ते गोठलं त्याच वेळेवर जागं होतं. तेव्हा पेटीच त्याला भानावर आणते.

---

तारजोडणी | मंगळवार, दुपारी १२:४१

बाकीच्या व्हर्च्युअल मशीनबाबत तुमचं बरोबर आहे, तिथे खूण राहू द्यावी. पण डोमेन कंट्रोलरला दोन गुरू नकोत. तो एकीकडे एनआयसीला विचारेल, दुसरीकडे पेटी त्याला ओढेल. आणि डोमेन कंट्रोलर गोठवायचाच नसतो.

---

बकुळ | मंगळवार, दुपारी १२:५०

डोमेन कंट्रोलर गोठवायचा नसतो हे मान्य. पेटीलाही एनआयसीशी जोडा एवढी भर घालते, म्हणजे सर्व्हर बंद पडून उठताना चुकीच्या वेळेने उठणार नाही.

---

डोंगरवाटा | मंगळवार, दुपारी ४:००

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकतं. हे याच प्रकारातलं का?

---

दूरदेशी | मंगळवार, रात्री ८:१०

डोंगरवाटा, भाऊबंद म्हणा. आतलं सेलवरचं घड्याळ एकच, पण लिनक्स त्यात यूटीसी लिहितं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर दुसरं कारण शोधायलाच नको. विंडोजला रजिस्ट्रीतून, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या वहीतून, यूटीसी वाचायला सांगता येतं. लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला लावायचा सोपा मार्गही आहे, पण मी पहिला निवडेन.

एकूणच फरकाचा आकडा नीट पाहावा. साडेपाच किंवा साडेबारा तास म्हणजे झोन. काही वर्षं म्हणजे सेल. आणि रोज थोडं थोडं वाढणारं असेल तर मशीन कोणालाच विचारत नाही.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी १०:५५

काल संध्याकाळी साडेसातला बसलो. साहेबही थांबले होते. बॅकअप घेतला, फायरवॉलवाल्याला फोन लावून दार उघडून घेतलं, पेटी आणि सर्व्हर दोन्ही एनआयसीशी जोडले. कमांड चालवली आणि सर्व्हरचं घड्याळ डोळ्यांदेखत ७:५८ वरून ७:५१ वर आलं. सोर्सच्या ओळीत समय१ चं नाव आलं तेव्हा साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

आज सकाळी १८ मशीन सुरू केली. १७ मोबाइलशी बरोबर. एक बारा सेकंद मागे होतं, पुन्हा जुळवायला सांगितल्यावर तेही आलं. जुन्या डेस्कटॉपचा सेल बदलला. जुना मोजला, १.९ व्होल्ट. सामायिक फोल्डर सकाळपासून एकदाही अडलेला नाही.

सायलीची आई, तुमचं वाचून हजेरीचं यंत्रही पाहिलं. ते चार मिनिटं पुढे आहे. ते डोमेनमध्ये नाही, आणि त्याला वेळ कुठून द्यायची ते मला सापडत नाही. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, दिवाळीपासूनचे लेट मार्क काढून दाखव. काढले. ४१ आहेत, त्यातले २३ चार मिनिटांच्या आतले. यंत्र दिवाळीत किती चुकत होतं हे माहीत नसल्याने सगळे २३ रद्द करू, असं साहेबच म्हणाले.

---

सायलीची आई | गुरुवार, सकाळी ११:२०

दादा, डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा.

---

तारजोडणी | गुरुवार, दुपारी १:०५

छान काम केलंत. हजेरीच्या यंत्राच्या मेनूत नेटवर्क किंवा कम्युनिकेशनमध्ये एनटीपीची जागा असेल तर तिथे तुमच्या सर्व्हरचा आयपी टाका. सर्व्हर आता बरोबर आहे, तो यंत्रालाही सांगेल. ती जागा नसेल तर ज्या कॉम्प्युटरवर हजेरीचं सॉफ्टवेअर आहे तिथे ‘यंत्राची वेळ जुळवा’ असं बटण बहुतेक असतं. दर सोमवारी सकाळी कोणी यायच्या आत ते दाबायचं काम एकाला नेमून द्या. यंत्राचं मॉडेल इथे लिहा, मी पाहून सांगतो.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी १:३०

मॉडेल यंत्राच्या मागे आहे आणि ते भिंतीला स्क्रूने पक्कं बसवलंय. संध्याकाळी काढून लिहितो. सोमवारचं बटण स्वातीने स्वतःहून मागून घेतलं आहे.